मागचे सात दिवस

चैत्र सरता सरता रंगरावच्या विहिरीनं हाय खाल्ली. सकाळी मोटर लावली की पाऊण तासात पाइप नुसता वारा ओढू लागायचा. मग मोटर बंद करायची आणि झऱ्यांतून पुन्हा गुडघाभर पाणी जमायची वाट पाहत चार-पाच तास बसायचं. दोन एकरांत वांगी, गवार आणि मिरची उभी होती. एवढ्याशा पाण्यावर तिन्ही जगणार नाहीत हे घरातल्या तिघांनाही दिसत होतं, पण कोणाचं पाणी तोडायचं हे तोंडातून कोणी काढत नव्हतं. एके सकाळी रंगरावच्या बायकोनं, गोजरबाईनं, मिरचीकडं जाणारा पाण्याचा दांड चार घमेली मातीनं बुजवला, फावडं धुतलं आणि ती गवारीच्या तोडणीला लागली. रंगराव बांधावर उभा राहून पाहत होता. आठवड्यात मिरची पिवळी पडली.

त्याच आठवड्यात सरकारी पाहणीवाली प्राची मॅडम आली.

धामणगाव बढ्याहून आत सात किलोमीटरवर गाव. ती स्कुटीवर आली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला पिशवी आणि पिशवीत टॅब. आधी एकदा येऊन तिनं घराघराची यादी करून नेली होती. त्या यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी थोडी घरं निघाली, त्यांत रंगरावचं निघालं. आता दर महिन्याला एकदा, असे चार महिने ती येणार होती.

रंगराव घाबरला. सरकारी माणूस नाव विचारत दारात आलं की घरातून काहीतरी जातं, एवढा त्याचा अनुभव. प्राचीनं त्याला सांगितलं की जाणार काही नाही आणि येणारही काही नाही. देशात किती लोक कामाला आहेत आणि किती बेकार आहेत ते मोजायचं आहे. घराघराला विचारत बसलं तर वर्षं जातील, म्हणून थोडी घरं निवडतात आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचं ठरवतात.

"म्हणजे आमच्या घरावून दुसऱ्याइचं ठरवतात?" गोजरबाईनं विचारलं.

"हो काकू. तुमच्या एका घराच्या मागं शेकडो घरं उभी आहेत असं समजा."

गोजरबाईनं खरोखरच मागं वळून पाहिलं. मागं गोठा होता, गोठ्यात म्हैस होती, पलीकडं निंबाखाली कडब्याची गंजी. पण वळलेली मान सरळ करताना तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, चार परके लोक आल्यावर करावा तसा.

तिचा मुलगा इंद्रभान दारात उभा राहून ऐकत होता. त्याला तेहतीस पुरी होऊन चौतिसावं लागलं होतं. बी.ए. झालं होतं, डी.एड. झालं होतं. मास्तरकीची जागा निघेना म्हणून पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जे निघेल ते त्यानं भरलं. अकरा वर्षं गेली. मोताळ्याच्या अभ्यासिकेत बसून त्यानं नद्या, घाट, कलमं, साली सगळं डोक्यात कोंबलं होतं. बुलडाण्याच्या मैदानावर सोळाशे मीटर पळून तो दोनदा वरच्या नंबरात आला होता आणि एकदा लेखीत एका मार्कानं राहिला होता. जानेवारीत पोलीस भरतीचं त्याचं वय उलटलं. सोयरिकी यायच्या त्या 'पोरगा काय करते' एवढं विचारून परत जायच्या. गावात त्याला साहेब म्हणत, आणि त्या शब्दात काय भरलेलं असतं ते त्याला कळत होतं.

बेकार मोजतात, हे ऐकून तो पुढं सरकला. अकरा वर्षं कोणी हा प्रश्न असा बसून, पाणी पिऊन, टॅब उघडून विचारला नव्हता. तो आत गेला आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आला. तिच्यात सेवायोजन कार्यालयाचं कार्ड होतं, नाव नोंदवल्याचं, फोटो पिवळा पडलेला. त्यानं ते प्राचीपुढं धरलं. प्राचीनं कार्ड हातात घेऊन पाहिलं, आदरानं पाहिलं, आणि परत दिलं. कार्डावरून आम्ही मोजत नाही, ती म्हणाली. कुठं नाव लिहिलंय त्याला इथं अर्थ नाही. मागच्या सात दिवसांत माणसानं काय केलं, त्याला अर्थ आहे.

मग तिनं दिवस विचारायला सुरुवात केली. कालचा बुधवार. त्याच्या आदला मंगळवार. त्याच्या आदला सोमवार. मंगळवारी काय केलं, किती वेळ केलं. इंद्रभान आठवत गेला. मंगळवारी मोटरीवर बसून वांग्याला पाणी दिलं होतं, दोन तास. बुधवारी गवारीची दोन कॅरेटं मोटरसायकलला बांधून बाजारात नेली, तिथं दुपारपर्यंत बसला. शनिवारी विहिरीत उतरून पाइपाच्या तोंडाचा गाळ काढला. बाकी दिवस अभ्यास. ते सांगताना त्याला नवल वाटत होतं. दिल्लीत कुठंतरी मोठ्या इमारतीत एक कागद आहे, आणि त्या कागदाला आपला मंगळवार पाहिजे आहे. एका मंगळवारासाठी एक मुलगी बुलडाण्याहून उन्हातून स्कुटी चालवत आली आहे.

"मंग मले बेरोजगारच लिहिलं ना?" शेवटी त्यानं विचारलं.

प्राचीनं मान हलवली. "नाही दादा. तुम्ही कामातले आलात."

तिनं समजावून सांगितलं. सात दिवसांत एक तास जरी काम केलं असलं, तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामातला धरतात. पैसे मिळाले नाहीत तरी चालतं. घरच्या वावरात, घरच्या धंद्यात फुकट हात लावला तरी ते कामच. बेरोजगार कोण, तर ज्यानं एक तासही केलं नाही, आणि ज्याला काम पाहिजे होतं, जो शोधत होता, किंवा मिळालं असतं तर करायला तयार होता.

"एक घंटा," इंद्रभान म्हणाला.

"एक तास. सगळ्या जगात असंच मोजतात."

तो भिंतीला टेकला. त्याला राग यायला पाहिजे होता आणि तो आलाही, पण रागाच्या आधी दुसरंच काही आलं. एवढा मोठा देश, एवढी माणसं, आणि एका तासाच्या सुतावर सगळी तोललेली. अकरा वर्षं एका बाजूला आणि मंगळवारचं वांग्याचं पाणी दुसऱ्या बाजूला, आणि वांग्याचं पाणी जड झालं.

प्राचीनं टॅबवरून नजर न काढता सांगितलं की ती स्वतःही कंत्राटावर आहे, वर्षाचा करार, पुढं वाढला तर वाढला. तिच्या स्वतःच्या घरी कोणी विचारायला आलं तर तीही कामातलीच लिहिली जाईल. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मग गोजरबाईची पाळी आली. ती तोवर चहा टाकायला आत गेली होती. इंद्रभान अजून आपल्याच विचारात होता. आईबद्दल विचारलं तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "माय घरीच राह्यते. वावरात जाते, एखाद-दोन घंटे."

आतून गोजरबाई म्हणाली, "हाव, मी काय, घरीच."

प्राचीनं आणखी दोन-तीनदा विचारून पाहिलं, पण त्या माउलीचं उत्तर बदललं नाही. प्राचीनं दिवसाला दोन तास लिहिले, चहा प्यायली आणि पुढच्या महिन्याचं सांगून गेली.

वैशाखात ऊन असं पडलं की दुपारी कावळासुद्धा झाडातून हलेना. विहीर आता अर्ध्या तासावर आली. एका बुधवारी प्राचीचा फोन आला, पुढच्या गुरुवारी येते म्हणून. इंद्रभाननं बोटं मोजली. उद्यापासून पुढच्या बुधवारपर्यंत सात दिवस होत होते. रात्री जेवायच्या ताटावर त्यानं सांगून टाकलं की या सात दिवसांत तो वावरातल्या, घरातल्या कशालाच हात लावणार नाही. मोटर नाही, कॅरेट नाही, म्हशीची पेंढीसुद्धा नाही. एकदा तरी खरं लिहिलं जाऊ दे.

रंगरावनं भाकरीचा घास ताटात ठेवला. पोरगं वाया गेलं अशा नजरेनं त्यानं बायकोकडं पाहिलं. गाडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. मोटरीचं बटण दाबण्यापलीकडं आणि बाजारात पोत्यावर बसण्यापलीकडं त्याच्यानं काही होत नव्हतं. सात दिवस पोरगं बसलं तर काय होईल ते त्याला ताटातच दिसत होतं. पण गोजरबाई म्हणाली, "बसू द्या त्याले. अकरा वर्षं गेली त्याची, सात दिवसानं काय होते." आणि तिनं पोराच्या ताटात आणखी भाजी वाढली.

पहिला दिवस तो निंबाखाली बाजेवर पडून राहिला. हात कुठं ठेवावेत ते कळेना. छातीवर ठेवले की जड वाटायचे, बाजूला सोडले की लोंबायचे. दुपारी म्हशीनं दावं ओढून चाऱ्याच्या कुटाराची टोपली उलथी केली. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला. तासाभरानं गोजरबाई वावरातून आली आणि तिनं ते भरलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शेजारचा शेषराव आला. त्याच्या मक्याच्या पोत्यांना गाडी आली होती आणि एक माणूस कमी पडत होता. अर्ध्या दिवसाचं काम, हातात मजुरी. इंद्रभाननं नाही म्हणून सांगितलं. शेषराव हसला नाही, रागावलाही नाही, फक्त जाता जाता रंगरावला ऐकू जाईल असं म्हणाला, "काम दारात आलं तं नाई म्हणते, अन् म्हणे बेकार हाओ." संध्याकाळी पारावर ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. इंद्रभान तिथून गेला तेव्हा कोणी साहेबसुद्धा म्हणालं नाही.

म्हणून रविवारी तो गावात थांबला नाही. आईबरोबर वावरात गेला आणि धुऱ्याच्या बांधावरच्या बाभळीखाली बसला. रंगरावनं मोटर लावली. पाणी होतं, कालपेक्षा चार बोटं जास्तच होतं, पण पाइप घरघरून वारा ओढू लागला. खाली पाइपाच्या तोंडाला गाळ बसला होता. हे काम इंद्रभानचं होतं, विसाव्या वर्षापासून. रंगरावनं मोटर बंद केली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. पोराला हाक मारणं त्याला जमेना, आणि पोरगं बाभळीखाली काडीनं मातीत रेघा ओढत होतं.

थोड्या वेळानं इंद्रभाननं वर पाहिलं तर आई दिसेना. विहिरीच्या काठावर तिच्या चपला होत्या, एकीला लागून एक.

तो काठावर गेला. पंचेचाळीस फूट खोल विहीर. भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांवर शेवाळ होतं, वरून खालपर्यंत. तळाशी गोजरबाई मांडीभर पाण्यात उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला. पाइप तिनं एका खांद्यावर तोलून धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडाशी खरवडत होती. वरून ती पाच वर्षांच्या पोरीएवढी दिसत होती. तो पाइप किती जड असतो ते इंद्रभानच्या खांद्याला माहीत होतं. तो खाली जाताना दर वेळी मनात एक शिवी द्यायचा. छप्पन्न वर्षांची बाई तो पाइप खांद्यावर घेऊन कण्हतसुद्धा नव्हती.

"माय, वर ये. मी उतरतो," तो ओरडला.

ती वर न पाहता बोलली. विहिरीतून तो आवाज मोठा होऊन आला. "तुह्ये सात दिवस मोडतीन. बस तठी."

त्या आवाजात टोमणा नव्हता. इंद्रभाननं तो पुन्हा पुन्हा मनात ऐकून पाहिला, पुढं कित्येक दिवस, आणि त्याला त्यात टोमणा सापडला नाही. एखादं पोर उपास करतं आणि आई त्याच्यासमोर ताट मांडत नाही, तसं ते होतं. त्याचा सात दिवसांचा हट्ट त्याच्याहून जास्त तिनं खरा धरला होता. त्याचे पाय काठाला चिकटून राहिले. ती एकेक कडं धरत वर आली. कोपरापर्यंत काळा चिखल, पिंढऱ्या थरथरत होत्या. काठावर बसून तिनं दम घेतला, ओच्यातला गाळ झटकला आणि नवऱ्याला म्हणाली, "लावा आता." पाइपातून पाणी आलं. ती त्या पाण्यात हात धुऊन गवारीत शिरली.

त्या दिवसापासून इंद्रभान नुसता बसला नाही. तो पाहू लागला.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो तिच्या मागं मागं होता. अकरा वर्षं पाठांतर केलेलं डोकं, त्यात जे शिरलं ते निघत नसे. पण हे शिकताना त्याला वेगळंच वाटत होतं, देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यात नेलेल्या माणसासारखं. जे रोज दारातून दिसत होतं, ते आत एवढं खोल आहे हे माहीत नव्हतं. गवारीच्या झाडाला पानाआड शेंगा असतात. तिची नजर पुढच्या झाडावर असायची आणि बोटं मागच्या झाडावरच्या शेंगा खुडायची. बोटांना एखादी अजून न वाढलेली शेंग चुकून लागली तर बोटंच तिला सोडून द्यायची. वांग्याच्या देठाचे काटे तिच्या तळहातात मोडायचे आणि ती ते दातानं ओढून थुंकायची, हात न थांबवता. गवारीचं एक तास, म्हणजे एक ओळ, नव्वद पावलांचं होतं. जाऊन-येऊन, वाकून, कमरेला शेंगांची झोळी. इंद्रभान पळणारा माणूस, त्याला अंतर डोळ्यानं कळायचं. त्यानं हिशेब केला आणि तो चक्रावला. ज्या सोळाशे मीटरसाठी त्यानं तरुणपण जाळलं होतं, ते हिनं न्याहारीच्या आधी ओलांडलेले असायचे. तिला कोणी शिट्टी वाजवली नव्हती, कोणी घड्याळ लावलं नव्हतं. ती पळाली पण नव्हती. ती वाकून गेली होती.

मंगळवारी दुपारी ती भरलेलं कॅरेट उचलायला वाकली आणि उठलीच नाही. हात जमिनीला टेकून तशीच राहिली. इंद्रभान धावला तेव्हा ती उठलेली होती. पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली की काही नाही, डोळ्यापुढं अंधारी आली, ऊन आहे. मग तिनं ते कॅरेट दोन अर्ध्या टोपल्यांत केलं आणि दोन खेपांत नेलं. त्याला वाटलं की या बाईला कोणी विचारलं तर ती सांगेल, मी घरीच असते. आणि तिच्या आधी मीच सांगेन. मी सांगितलंच आहे. दिवसाला दोन तास म्हणून ते दिल्लीला गेलंही, आणि शेकडो घरांच्या आयांवर तेच चिकटलं असेल.

गुरुवारी सकाळी प्राची आली. तिच्या हातांवर उन्हानं काळे पट्टे पडले होते. रंगरावनं खाट टाकली. गोजरबाई पाणी देऊन भिंतीशी बसली. रंगरावचं झालं, मग इंद्रभानचं.

बुधवार. काही नाही. मंगळवार. काही नाही. सोमवार, रविवार, सगळे कोरे. प्राचीनं एकेक शून्य टाकलं आणि तिच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. मागच्या वेळचा त्याचा चेहरा ती विसरली नव्हती. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला. या सात दिवसांत काम शोधलं का? तो नाही म्हणाला. शोधलं नाही तरी चालतं, ती म्हणाली. काम मिळालं असतं तर करायला तयार होता का?

एक हो म्हटलं की झालं असतं. अकरा वर्षांची नोंद त्या एका शब्दापलीकडं होती. दारात रंगराव पाय लांब करून बसला होता, त्यानं शेषरावचं बोलणं ऐकलेलं होतं, पण तो काही बोलणार नव्हता. गोजरबाई तर पोरानं हो म्हणावं म्हणून त्याच्याकडं पाहत होती. इंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं. खरं लिहिलं जावं म्हणून तर हे सगळं केलं होतं.

"शनिवारी काम दारात आलतं," तो म्हणाला. "मी नाई म्हतलं."

प्राचीचं बोट थांबलं. तिनं दोनदा विचारून खात्री केली आणि खूण केली. आता काय आलं, त्यानं विचारलं. ती हळू म्हणाली, कामात नाही, आणि कामाच्या शोधातही नाही. म्हणजे बेरोजगारांतही नाही. बाहेरच.

मागच्या महिन्यात एका तासानं तो आत ओढला गेला होता, या महिन्यात एका नकारानं बाहेर पडला. दोन्ही वेळा नियम आपल्या जागी बरोबर होता, हे त्याला कळलं, आणि गंमत म्हणजे त्याला दुखलं नाही. सात दिवसांपूर्वी दुखलं असतं. आता त्याचं लक्ष त्याच्या नावाच्या खालच्या नावावर होतं.

"आता मायचं लिहा," तो म्हणाला.

"मी काय, घरीच," गोजरबाई म्हणाली.

"ते खोडा," इंद्रभान म्हणाला. "मागल्या टायमाचंही खोटं होतं. मीच सांगतलतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार म्या नीट पाह्यलं नाई, ते तिले इचारा. रविवारपासून मी सांगतो."

आणि तो सांगू लागला. उभ्यानं, हात मागं बांधून, तोंडी परीक्षेला उभा राहावं तसा. रविवारी सहाला वावरात, आठपर्यंत गवारीची चौदा तासं. मग विहिरीत, पाऊण तास, पाइप खांद्यावर. मग साडेबारापर्यंत पुन्हा गवार. दुपारी भाकरी खाऊन दोन वाजता वांग्याचं पाणी, दांड फोडणं, दांड बुजवणं, साडेचारपर्यंत. मग म्हशीचं गवत, बांधाबांधानं हिंडून, एक भारा. मग धार, मग डेअरीवर दूध. सोमवारी हे. मंगळवारी हे, आणि दुपारी कॅरेटाखाली अंधारी आली ते. त्यानं त्यात 'बिचारी' घातली नाही, 'माउली' घातली नाही. किती वाजता, किती तासं, किती खेपा, एवढंच. प्राचीचं बोट भराभर चालत होतं. आठ. नऊ. साडेनऊ. स्वैपाकाचं, हापशावरून आणायच्या पाण्याचं आलं तेव्हा ती म्हणाली की याला इथं तासांची जागा नाही. इंद्रभान थांबला नाही, आणि तिनंही त्याला थांबवलं नाही. तिनं टॅब मांडीवर पालथा ठेवला आणि ती नुसती ऐकू लागली.

रंगरावनं टोपी काढून हातात घेतली होती. गोजरबाई पोराच्या तोंडाकडं पाहत होती. आधी ती लाजली, मग तिनं एकदा 'पुरे कर' म्हणून हात हलवला, मग तो हात खाली गेला. कोण्या दुसऱ्याच बाईची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकत होती. बुधवार संपला.

"हे समदं म्या केलं?" तिनं विचारलं.

"केलं," इंद्रभान म्हणाला.

आपल्या दोन्ही हातांकडं तिनं उलटसुलट पाहिलं. मग ती प्राचीकडं वळली, आणि तिचा आवाज बदललेला होता. "बाई, तो उठते साडेपाचले. त्याच्या आधीचं त्यानं पाह्यलंच नाई. तीन दिवसाचंही राह्यलं." तिनं पाय पोटाशी घेतले आणि पाठ भिंतीला टेकली. "गुरुवारी मी चार वाजता उठली. चांदणं होतं..."

गोठ्यात म्हैस हंबरली. आज धार राहूनच गेली होती. गोजरबाईच्या बोलण्यात त्या हंबरण्यानं खंड पडला नाही. तिनं मान वळवली, आणि पुन्हा प्राचीकडं पाहून पुढं सांगत राहिली.

इंद्रभान उठला. बादली घेऊन तो गोठ्यात गेला. या म्हशीखाली तो कधी बसलेला नव्हता. त्यानं उकिडवं बसून सडांना पाणी लावलं, ओढलं. म्हशीनं मागं वळून त्याला हुंगलं आणि दूध चढवून धरलं. तो ओढत राहिला. बोटांना कळ लागली, मनगट भरून आलं, बादलीच्या तळाला थेंबही नव्हता. ओसरीवरून आईचा आवाज येत होता, संथ, न घाईचा, अजून गुरुवारच्या पहाटेतच होता. तो कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून ऐकत राहिला आणि ओढत राहिला. बऱ्याच वेळानं म्हशीनं अंग सैल सोडलं, आणि बादलीत पहिली धार वाजली.